रक्ततपासणीचा संदेश डेटाबेसमध्ये बसवताना

रुग्णालयात रक्ताचा नमुना लॅबमध्ये जातो, यंत्र त्यातलं हिमोग्लोबिन मोजतं आणि थोड्या वेळाने तो आकडा डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतो. लॅबचं सॉफ्टवेअर बहुधा एका कंपनीचं असतं, रुग्णालयाचं दुसऱ्या. त्यांच्यामध्ये जो संदेश धावतो, तो पुष्कळदा ‘एचएल सेव्हन आवृत्ती दोन’ या मानकाप्रमाणे लिहिलेला असतो. मानक म्हणजे सर्वांनी मान्य केलेली मांडणी. एचएल सेव्हन ही संस्था १९८७ साली अमेरिकेत सुरू झाली, आणि तिची ही जुनी मांडणी जगभरच्या रुग्णालयांत आजही रोजच्या वापरात आहे.

हा संदेश घेऊन आपल्याला स्वतःच्या डेटाबेसमध्ये बसवायचा आहे, असं समजू. त्यासाठी स्कीमा लागतो, म्हणजे टेबलं कोणती, त्यांत कॉलम कोणते आणि टेबलांचं एकमेकांशी नातं काय याचा आराखडा. मानकाचं पुस्तक उघडलं की स्कीमा त्यातून आपोआप निघेल, असं वाटतं. तसं होत नाही.

कारण संदेश सांगतो ते घडलेलं: रुग्ण दाखल झाला, तपासणी झाली, निकाल दुरुस्त केला. डेटाबेसला मात्र विचारलं जातं ते आत्ताचं: या रुग्णाचं शेवटचं हिमोग्लोबिन किती? दुकानाच्या हिशेबात रोजकीर्द वेगळी आणि खातेवही वेगळी, तसाच हा फरक आहे. कीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरतात, खातेवहीत ते ज्याच्या त्याच्या नावावर मांडले जातात. कीर्दीलाच खातेवही समजणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ तिच्यात सापडतं.

आधी संदेश कसा दिसतो ते पाहू. खऱ्या संदेशात सहसा अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी असतात. इथे ओळखीसाठी देवनागरीत लिहिले आहेत.

एमएसएच|^~\&|लॅबप्रणाली|लॅब|रुग्णप्रणाली|रुग्णालय|२०२४०३१२१०१५००+०५३०||ओआरयू^आर०१^ओआरयू_आर०१|क्र४४७१|पी|२.५.१
पीआयडी|१||००४५२१^^^रुग्णालय^एमआर||आडनाव^नाव^मधलं नाव||१९५८|एफ
ओबीआर|१|ऑ९०१|लॅ३३०७|५८४१०-२^सीबीसी^एलएन|||२०२४०३१२०८३०००+०५३०
ओबीएक्स|१|एनएम|७१८-७^हिमोग्लोबिन^एलएन||९.८|ग्रॅ/डेलि|१२.०-१५.०|एल|||एफ

प्रत्येक ओळीला सेगमेंट म्हणतात. एमएसएच हे संदेशाचं पाकीट: कोणी पाठवला, कोणाला, कधी, कशाबद्दल. पीआयडी म्हणजे रुग्णाची ओळख. ओबीआर म्हणजे मागवलेली तपासणी, इथे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ओबीएक्स म्हणजे त्या तपासणीतला एकेक निकाल. उभ्या रेघेने फील्ड वेगळी होतात आणि त्यांना क्रमांकाने ओळखतात. ‘ओबीएक्स-५’ म्हणजे ओबीएक्सचं पाचवं फील्ड, इथे ९.८ हा आकडा. फील्डच्या आतले तुकडे ^ या खुणेने पडतात, आणि एकाच फील्डमध्ये अनेक मूल्यं असतील तर मध्ये ~ येतो.

पहिली पायरी संदेश फोडण्याची. नवखा माणूस उभ्या रेघेवर ओळ तोडतो आणि तुकडे मोजू लागतो. पीआयडी, ओबीएक्समध्ये हे जमतं, पण एमएसएचमध्ये मोजणी एकाने चुकते, कारण तिथे ती पहिली उभी रेघ स्वतःच एमएसएच-१ असते. विभाजक चिन्हं कोणती, हे संदेश स्वतःच तिथे जाहीर करतो. ती तिथूनच वाचावीत, आपल्या प्रोग्राममध्ये कायमची लिहून ठेवू नयेत.

सेगमेंटचा शेवट ‘कॅरेज रिटर्न’ या एकाच अदृश्य चिन्हाने होतो. नमुन्याची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली की हे चिन्ह अनेकदा बदलतं, आणि चाचणीत चाललेला प्रोग्राम खऱ्या जोडणीवर अडतो. शक्य असेल तिथे फोडणी स्वतः लिहू नये. त्यासाठी जुनी, तावून सुलाखून निघालेली मोफत लायब्ररी मिळते, ती वापरावी.

विभाजक चिन्ह मजकुरातच आलं तर? त्यासाठी पर्यायी लेखन ठरलेलं आहे. & ऐवजी \टी\, ^ ऐवजी \एस\, उभ्या रेघेऐवजी \एफ\. पाठवणारे हे पाळतातच असं नाही. पेशींची संख्या ‘१०^३ प्रति मायक्रोलिटर’ या एककात लिहिण्याची सवय असते. पाठवणाऱ्याने ती खूण तशीच ठेवली तर एककाचे दोन तुकडे होतात आणि आपल्या टेबलात एकक म्हणून नुसतं ‘१०’ येऊन बसतं. कुठेही त्रुटीचा इशारा येत नाही. म्हणून एककाच्या कॉलममध्ये निव्वळ आकडा दिसला की तो संदेश बाजूला काढण्याचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा.

दुसरी पायरी: फोडण्याआधी संदेश जसा आला तसा जपून ठेवावा. एक टेबल फक्त मूळ संदेशांचं असावं. त्यात पूर्ण मजकूर, तो आपल्याकडे कधी पोचला ती वेळ, पाठवणारी प्रणाली आणि एमएसएच-१० मधला संदेश क्रमांक ठेवावा. या टेबलातलं काही कधी बदलू नये. पुढे अर्थ लावण्यात चूक सापडली तर याच मजकुरावरून सगळं पुन्हा बांधता येतं.

पोच देण्याचा क्रमही इथेच ठरतो. संदेश मिळाल्यावर आपण पोच पाठवतो, त्यात ‘एए’ म्हणजे स्वीकारला. आधी पोच धाडली आणि साठवण्यापूर्वी वीज गेली, तर लॅब तो संदेश पुन्हा पाठवणार नाही, कारण तिच्या मते तो पोचलेला आहे. म्हणून आधी साठवावं, मगच पोच द्यावी. उलट, पोच वेळेत पोचली नाही तर तोच संदेश दुसऱ्यांदा येतो. तो क्रमांकावरून ओळखता येतो, पण काही प्रणाली हा क्रमांक मधूनच पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यामुळे पाठवणारा, क्रमांक आणि एमएसएच-७ मधली वेळ, अशी तिन्ही मिळून ओळख धरावी.

आता टेबलं. इथे मोह होतो तो प्रत्येक सेगमेंटला एक टेबल आणि प्रत्येक फील्डला एक कॉलम देण्याचा. पन्नासेक कॉलमांची टेबलं तयार होतात, त्यांतले बहुतेक कायम रिकामे राहतात, आणि ‘या रुग्णाचे मागचे निकाल दाखवा’ एवढ्या साध्या प्रश्नाला पाच जोडण्या लागतात. माझा सल्ला आहे की प्रश्नांपासून सुरुवात करावी. डॉक्टर, लॅब आणि बिलिंगवाले या माहितीला काय विचारणार आहेत, ते कागदावर लिहावं. लॅबच्या निकालांपुरती सहसा पाच मुख्य टेबलं पुरतात: मूळ संदेश, रुग्ण, रुग्णाचे ओळखक्रमांक, तपासणी आणि निकाल.

संदेशात नातं जागेवरून कळतं, हे टेबलं भरताना विसरू नये. ओबीएक्स कोणत्या तपासणीचा, हे त्याच्यात लिहिलेलं नसतं. जो ओबीआर आधी आला, त्याचा तो. शेरा असलेला एनटीई सेगमेंटही तसाच. ओबीएक्सनंतर आला तर त्या एका निकालाबद्दल, ओबीआरनंतर आला तर साऱ्या तपासणीबद्दल. सगळे ओबीएक्स एका ढिगात आणि सगळे एनटीई दुसऱ्या ढिगात टाकले, तर ‘नमुना गोठलेला होता’ हा शेरा भलत्याच निकालाला चिकटेल. क्रम धरूनच वाचावं आणि नातं टेबलात उघड लिहावं.

रुग्णाचे ओळखक्रमांक वेगळ्या टेबलात का? कारण पीआयडी-३ मध्ये एकापेक्षा जास्त क्रमांक येऊ शकतात: रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, लॅबचा स्वतःचा, आता सरकारी आरोग्य-ओळखीचा आभा क्रमांकही. प्रत्येकासोबत तो कोणी दिला हे लिहिलेलं असतं आणि ते जपणं अत्यावश्यक आहे. ००४५२१ हा क्रमांक दोन रुग्णालयांत दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो. क्रमांक आणि देणारा, ही जोडी मिळूनच ओळख होते. कॉलम मजकुराचा ठेवावा, संख्येचा नव्हे. संख्येत सुरुवातीची दोन शून्यं गळतात आणि ४५२१ हा कदाचित कोणा दुसऱ्याचाच क्रमांक निघतो.

नावाच्या फील्डमध्ये आधी आडनाव, मग नाव, मग मधलं नाव असा क्रम आहे. आपल्याकडच्या नोंदणीत पुष्कळदा पूर्ण नाव आडनावाच्या जागीच टाइप केलेलं असतं. ते आपल्या अंदाजाने तोडू नये. आलं तसं ठेवावं, आणि शोधण्यासाठी पूर्ण नावाचा वेगळा कॉलम करावा. नाव देवनागरीत येणार असेल तर एमएसएच-१८ मध्ये अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचं लिहिलेलं हवं. ते रिकामं असेल आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळं गृहीत धरलं, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. साठवताना गेलेली अक्षरं नंतर परत आणता येत नाहीत.

आता निकालाचा आकडा. थोडं सावकाश जाऊ, कारण सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो. निकाल म्हणजे संख्या, असं धरून एक दशांश कॉलम केला, की ‘<०.०१’ हा थायरॉइडच्या टीएसएच तपासणीचा निकाल कुठे घालायचा? ‘पॉझिटिव्ह’ कुठे? १:१२८ हे टायटर, म्हणजे नमुना पातळ करण्याचं प्रमाण, कुठे? आणि संख्येच्या जागी आलेलं ‘नमुना अपुरा’? ओबीएक्स-२ सांगतो की पाचव्या फील्डमध्ये काय आहे. एनएम असेल तर संख्या, एसटी असेल तर छोटा मजकूर, एसएन असेल तर तुलनाचिन्हासह संख्या, सीडब्ल्यूई असेल तर सांकेतिक उत्तर.

यावर चालणारी मांडणी अशी: एका कॉलममध्ये मूळ मूल्य मजकूर म्हणून, जसं आलं तसं. शेजारी संख्येचा कॉलम, तुलनाचिन्हाचा कॉलम आणि सांकेतिक उत्तराचा कॉलम. त्यांपैकी लागू असेल तोच भरायचा. ‘<०.०१’ मधलं चिन्ह टाकून नुसतं ०.०१ साठवलं, तर मोजता न येण्याइतकं कमी असलेलं मूल्य मोजलेलं म्हणून आलेखावर दिसतं. मूळ मजकुराचा कॉलम आणखी एका कारणासाठी हवा. लॅबने १३.० लिहिलं तर ते १३ होऊ नये, कारण त्या शून्यात मोजणीची अचूकता असते.

संदर्भ पल्ला, म्हणजे ओबीएक्स-७ मधलं ‘१२.० ते १५.०’, निकालासोबतच त्याच नोंदीत ठेवावा. तपासणीच्या मुख्य यादीत तो एकदाच लिहून जागा वाचवण्याचा विचार चुकीचा आहे. पल्ला वयानुसार, लिंगानुसार आणि यंत्रानुसार बदलतो. यादीतला आकडा पुढे बदलला, तर तेव्हा ‘कमी’ ठरलेला निकाल आज अचानक ‘ठीक’ दिसू लागेल.

पुढची पायरी संकेतांची. वरच्या उदाहरणात ७१८-७ हा लॉइंक संकेत आहे. लॉइंक म्हणजे तपासण्यांना दिलेल्या जागतिक क्रमांकांची यादी. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ पासून ती बांधत आणली आहे. कोणता घटक, कशात मोजला, कोणत्या स्वरूपात, हे सगळं त्या एका क्रमांकात ठरतं. म्हणून रक्तद्रवातल्या साखरेचा संकेत २३४५-७ आणि उपाशीपोटीच्या साखरेचा १५५८-६, असे वेगळे संकेत आहेत. रेघेनंतरचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे टाइप करतानाची चूक यंत्रालाही पकडता येते.

प्रत्यक्षात अनेक लॅब आपले घरचे संकेत पाठवतात: ‘एचबी’, ‘हिमो१’ असे. त्यांचं लॉइंकशी नातं सांगणारं जुळणीचं टेबल करावं, आणि प्रत्येक जुळणीला ‘कधीपासून, कधीपर्यंत’ अशा तारखा द्याव्यात. यंत्र किंवा पद्धत बदलल्यावर घरचा संकेत तोच राहतो, पण त्याचा अर्थ बदललेला असू शकतो. निकालाच्या नोंदीत दोन्ही संकेत ठेवावेत. नुसत्या नावावरून जुळणी करू नये. ‘ग्लुकोज’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते रक्तातलं की लघवीतलं, हे लॅबला विचारूनच ठरवावं. ही जुळणी तपासायला पॅथॉलॉजिस्ट हवा. प्रोग्रामरने एकट्याने करण्याचं हे काम नव्हे.

एककांमध्ये आपल्या देशाची एक खास अडचण आहे. आपल्याकडे प्लेटलेट लाखांत सांगण्याची पद्धत आहे. एक लॅब लिहिते ‘२.५ लाख प्रति घन मिलिमीटर’, दुसरी ‘२५०’ आणि एकक ‘हजार प्रति मायक्रोलिटर’, तिसरी सरळ ‘२५००००’. तिन्ही आकडे एकच आहेत, कारण घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे एकच माप. पण एककाकडे न पाहता तिन्ही एका आलेखावर काढले, तर डेंग्यूच्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांची भयंकर दिशाभूल होईल. म्हणून आलेला आकडा आणि एकक जसंच्या तसं ठेवावं, शेजारी एका ठरलेल्या एककात बदललेलं मूल्य ठेवावं, आणि ज्या नियमाने बदल केला त्याचा क्रमांकही. एकक रिकामं आलं तर आकड्याच्या आकारावरून ते ओळखण्याचा प्रयत्न करू नये. तो निकाल तपासणीसाठी थांबवावा.

वेळ एक नसते, तीन असतात. नमुना घेतल्याची वेळ ओबीआर-७ मध्ये, निकाल जाहीर झाल्याची किंवा बदलल्याची ओबीआर-२२ मध्ये, संदेश बनल्याची एमएसएच-७ मध्ये. डॉक्टरांना आलेख हवा असतो तो पहिल्या वेळेनुसार. वरच्या संदेशात नमुना साडेआठला घेतला आहे आणि संदेश सव्वादहाला निघाला आहे. संदेशाची वेळ धरली तर सकाळी औषध देण्याआधीचा नमुना औषधानंतरचा वाटू शकतो. वेळेच्या शेवटी +०५३० असेल तर ती भारतीय वेळ. ते नसेल तर पाठवणाऱ्याशी लेखी ठरवून घ्यावं.

जन्मतारखेत नुसतं ‘१९५८’ आलं, तर तारखेच्या कॉलममध्ये बसवण्यासाठी ते १ जानेवारी १९५८ केलं जातं. मग रुग्ण जुळवताना १ जानेवारीला जन्मलेल्यांची गर्दी होते आणि खोट्या जुळण्या निघतात. तारखेशेजारी ‘किती अचूक’ असा छोटा कॉलम ठेवावा: वर्ष, महिना की दिवस.

रिकाम्या फील्डचेही दोन अर्थ आहेत. दोन उभ्या रेघांमध्ये काहीच नसेल, तर पाठवणाऱ्याला याबद्दल काही सांगायचं नाही, आपल्याकडे असलेलं तसंच ठेवावं. दोन दुहेरी अवतरणचिन्हं "" आली, तर असलेलं मूल्य पुसावं. हे दोन्ही एकच मानले, तर लॅबच्या प्रत्येक संदेशासरशी रुग्णाचा फोन नंबर पुसला जाईल, कारण लॅब तो पाठवतच नाही.

आता दुरुस्त्या. ओबीएक्स-११ मध्ये निकालाची स्थिती असते. पी म्हणजे प्राथमिक, एफ म्हणजे अंतिम, सी म्हणजे अंतिम म्हणून दिलेला निकाल आता सुधारला. ब्लड कल्चरसारख्या तपासणीत पहिल्या दिवशी ‘वाढ नाही’ असं प्राथमिक उत्तर येतं आणि दोन दिवसांनी जंतूचं नाव. नव्या निकालाने जुना पुसून टाकू नये. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ज्या माहितीवर औषध ठरवलं, ती माहिती नंतरही दाखवता आली पाहिजे. प्रत्येक रूप वेगळी नोंद म्हणून ठेवावं आणि ‘सध्याचं कोणतं’ हे खूण करून सांगावं.

नवा निकाल जुन्याचंच सुधारित रूप आहे, हे कशावरून ओळखायचं? ओबीएक्स-१ वरून नक्कीच नाही. तो संदेशातला नुसता अनुक्रमांक आहे, दुरुस्तीच्या संदेशात एकच ओबीएक्स असेल तर त्याचाही क्रमांक १ असेल. लॅबचा तपासणी क्रमांक म्हणजे ओबीआर-३, तपासणीचा संकेत म्हणजे ओबीएक्स-३ आणि उपक्रमांक ओबीएक्स-४, अशी तिघांची मिळून चावी करावी. कल्चरमध्ये दोन जंतू सापडले तर त्यांना वेगळं ठेवणारा हा उपक्रमांकच असतो. तो टाकून दिला तर दुसरा जंतू पहिल्याची दुरुस्ती समजला जातो आणि पहिला पडद्यावरून नाहीसा होतो.

एकाच रुग्णाची दोनदा नोंदणी झाली तर ‘एडीटी ए४०’ हा विलीनीकरणाचा संदेश येतो. त्यात पीआयडीमध्ये टिकणारा क्रमांक असतो आणि एमआरजी सेगमेंटमध्ये मागे पडणारा. जुन्या क्रमांकाखालचे निकाल उचलून नव्याखाली हलवू नयेत. ‘हा त्यात सामील’ एवढी दुव्याची नोंद करावी आणि वाचताना दुवा पाळावा. विलीनीकरण चुकीचं होतं असं निघालं, तर दुवा काढता येतो. हलवलेले निकाल कोणाचे कोणते, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

एचएल सेव्हनचंच नवं मानक म्हणजे एफएचआयआर, उच्चार ‘फायर’. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये त्याची कल्पना मांडली. त्यात माहितीचे सुटे घटक असतात: रुग्ण, निरीक्षण, तपासणी अहवाल. भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने त्याची चौथी आवृत्ती स्वीकारली आहे, आणि ती आपल्या देशात कशी वापरायची याचे नियम पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय आरोग्य-नोंद मानक केंद्र ठरवून देतं. घटक इतके नीटस असतात की तेच टेबल म्हणून वापरावेत असं वाटतं. पण त्यांतली बहुतेक मूल्यं ऐच्छिक आहेत आणि निरीक्षणाचं मूल्य संख्या, मजकूर, संकेत अशा अनेक रूपांत येऊ शकतं. म्हणजे ‘<०.०१’ चा प्रश्न इथेही उरतोच. वर सांगितल्याप्रमाणे टेबलं बांधलेली असतील, तर त्यांतून हे घटक काढून देणं सोपं जातं. निकालाची नोंद निरीक्षणात जाते, ओबीआरची नोंद अहवालात, आणि एफ, पी, सी या स्थितींना तिथे ‘अंतिम’, ‘प्राथमिक’, ‘सुधारित’ या अर्थाचे नेमके शब्द आहेत.

शेवटची पायरी चाचणीची, आणि ती मानकाच्या पुस्तकातल्या उदाहरणांवर करून उपयोग नाही. लॅबकडून ओळख पुसलेले खरे संदेश मागवावेत. त्यांत झेड अक्षराने सुरू होणारे, त्या लॅबने स्वतः घडवलेले सेगमेंट असतील. ते मूळ टेबलात राहू द्यावेत, आणि अर्थ कळल्याशिवाय पुढे नेऊ नयेत. न बसणाऱ्या संदेशांसाठी थांबलेल्यांची यादी हवी आणि ती रोज पाहणारं माणूस नेमलेलं हवं.

मग सारे मूळ संदेश रिकाम्या डेटाबेसवर पहिल्यापासून चालवावेत. त्यानंतर पुन्हा रिकामा करून तेच संदेश क्रम बदलून, काही दोनदा घालून चालवावेत. दोन्ही वेळा ‘सध्याचे निकाल’ तंतोतंत सारखे यायला हवेत. फरक आला तर आधी दोन जागा तपासाव्यात: निकालाची चावी चुकून ओबीएक्स-१ वर बांधली आहे का, आणि ‘सध्याचं’ ठरवताना ओबीआर-२२ ऐवजी संदेश आपल्याकडे पोचल्याची वेळ धरली आहे का.